सॅकमधली शेगडी



चातुर्मास संपला, पाऊस ओसरला आणि सगळ्यांच्या पायाला भिंगरी लागली. गेल्या महिन्याभरात मंदिराच्या पायरीवर तिघींनी मला एकच प्रश्न विचारला, बाहेर न्यायला शेगडी कोणती घेऊ? एकीच्या घरची मंडळी रेल्वेने शिखरजीला निघाली आहेत. दुसरी मुनिसंघाच्या विहारात चार दिवस चौका लावणार आहे. तिसरीची नात पुण्यात शिकते आणि कॉलेजच्या मुलींबरोबर सह्याद्रीत ट्रेकला जायचं म्हणते. तिघींनाही माझ्याकडून कंपनीचं नाव हवं होतं, म्हणजे मोबाइलवर मागवून मोकळं.

नाव सांगून काही होत नाही. आम्ही कॉमर्सला असताना सर सांगायचे, खरेदीच्या वहीत आकडा लिहिण्याआधी गरज लिहा. इथे तेच आहे. आपण बायका प्रवासाला निघताना शेगडी नेत नाही, अख्खं स्वयंपाकघर उचलून नेतो. पोळपाट, तवा, कुकर, मिसळणाचा डबा, आणि हे सगळं चालवायला पोटापेक्षा मोठा सिलिंडर. माझं स्पष्ट मत आहे की पाठीवर सॅक घेऊन जाणाऱ्याने शेगडी फक्त पाणी उकळण्यापुरती न्यावी. ज्या पदार्थाला उकळत्या पाण्यापेक्षा जास्त काही लागतं, तो घरून करून न्यावा किंवा त्या दिवशी खाऊ नये.

चौक्याचं आधी सांगून टाकते, कारण तिथे माझा हा नियम लागू नाही. महाराजांचा आहार दिवसातून एकदाच, उभ्याने, ओंजळीत. तिथे शुद्ध पाणी, दूध, भात, पोळी, भाजी सगळं वेळेत आणि सोवळ्यात व्हायला हवं. चौका टेम्पोतून जातो, पाठीवरून नाही. तिथे घरची दोन बर्नरची शेगडी, गॅस एजन्सीतून पावतीवर घेतलेला सिलिंडर, आयएसआय शिक्क्याची नळी आणि नवा वॉशर न्या. बाजारात कुठेही भरून मिळणारे बिनशिक्क्याचे छोटे सिलिंडर नकोत. आपल्या मंडळात चौक्याचं सामान सगळ्यांचं असतं, म्हणून नळी कधी बदलली हे कुणालाच ठाऊक नसतं. नळीवर तारीख लिहून ठेवा. एवढंच.

आता रेल्वे. हे जरा कडक वाटेल, पण लिहायलाच हवं. रेल्वेत गॅसची शेगडी नेऊच नका. छोटी नको, रिकामी म्हणून नको, 'आपलाच सगळा डबा बुक केलाय' म्हणून तर मुळीच नको. २६ ऑगस्ट २०२३ ची पहाट आठवा. लखनौहून दक्षिणेच्या यात्रेला निघालेल्या मंडळींचा खासगी डबा मदुराईला यार्डात उभा होता. कुणीतरी लपवून आणलेल्या सिलिंडरवर चहा-कॉफी करायला घेतली आणि डबा पेटला. ९ जण गेले. ती माणसं काही बेफिकीर नव्हती. आपल्यासारखीच होती, घरचा चहा, घरचं खाणं हवं असणारी, देवदर्शनाला निघालेली. रेल्वे कायद्याच्या कलम १६४ प्रमाणे ज्वलनशील वस्तू गाडीत नेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण कायद्यापेक्षा मला बंद डबा, झोपलेले लोक आणि अरुंद दारं यांची भीती जास्त वाटते. मोबाइल चार्जिंगच्या खोबणीत विजेची किटली लावणंही रेल्वेला चालत नाही, आणि ते बरोबरच आहे. ती खोबण तेवढा भार सोसायला केलेलीच नाही.

मग शिखरजीच्या वाटेवर खायचं काय? मला या प्रश्नाचं नवल वाटतं. आपण सोलापूरच्या बायका! कडक भाकरी ही वस्तू आपल्या गावाने जगाला दिलेली आहे. कडक भाकरी, बिनलसणाची शेंगाचटणी, दशम्या, खाकरे, भाजलेले पोहे, राजगिऱ्याचे लाडू. ज्यांचं व्रत आहे त्यांनी पिठाच्या मर्यादेचा हिशेब, म्हणजे थंडीत सात, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन दिवस, आपापल्या नियमाने धरून डबे भरावेत. मधुबनला पोचलं की धर्मशाळा आहेत, भोजनशाळा आहेत. आणि डोंगराची सत्तावीस किलोमीटरची वंदना तर आपल्यातले बरेच जण काही न खाताच करतात. म्हणजे शेगडीची गरज होती ती फक्त गाडीत, आणि गाडीत ती चालत नाही. या पहिल्या मैत्रिणीचे पैसे वाचले.

विमानाने जाणाऱ्यांसाठी एक ओळ. गॅसची डबी ना हातातल्या पिशवीत चालते ना खाली दिलेल्या सामानात. पोचल्या गावी विकत घ्यावी.

खरा विचार करायचा तो तिसऱ्या मैत्रिणीच्या नातीचा. तिच्या घरात या ट्रेकवरून दोन तट पडले होते. आजीचं म्हणणं, डोंगरात जायचंच कशाला. आईचं म्हणणं, जाऊ दे, दोन दिवस चालवून घेईल, बाहेर कुणी नियम पाळतं का. मला दोन्ही पटलं नाही. मुलीने स्वतःहून रात्रीचं न खाण्याचा आणि कंदमुळं न खाण्याचा नियम धरला आहे, कुणी लादलेला नाही. अशा मुलीला आपण दोनच रस्ते दाखवले, घरी बस नाहीतर नियम सोड, तर ती एक दिवस दुसरा रस्ता धरेल आणि आपण तिला बोल लावत बसू. माझ्या वयाच्या बायकांना हे रस्ते पुरले कारण आम्हाला कुणी कुठे पाठवतच नव्हतं. तिला पाठवायचं आहे, आणि नियमासकट पाठवायचं आहे. त्यासाठी अर्धा किलोची एक वस्तू पुरत असेल तर ती घेऊ नये का?

आणि अडचण नेमकी कुठे येते ते बघा. ट्रेकच्या गटाचा स्वयंपाक रात्री आठ-नऊला होतो, तंबू लागल्यावर. बटाटा, कांदा, लसूण, सगळं एका पातेल्यात. थंडीत सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. म्हणजे आपल्या मुलीला सामान्य वेळेपेक्षा तीन तास आधी, वेगळं, थोडंसं आणि झटपट करून खायचं असतं. गटाची मोठी शेगडी कितीही चांगली असली तरी तिच्या उपयोगाची नाही. तिला स्वतःची, छोटी, साडेचारला पाच मिनिटांत पेटणारी आणि दहा मिनिटांत आवरणारी शेगडी हवी. जेवणाची वेळ तिच्या हातात यायला हवी, ही खरी गरज आहे.

आता प्रकार. रॉकेलचा पंपाचा स्टोव्ह तुम्हाला आठवतच असेल, पिन मारायची, स्पिरिट ओतायचं आणि भर्र आवाज. १८९२ च्या सुमाराला स्वीडनमध्ये लिंडक्विस्ट नावाच्या माणसाने तो बनवला, आणि प्रायमस हे त्याचं नाव आपल्याकडे सगळ्याच स्टोव्हना पडलं. १९५३ ला एव्हरेस्टवर हिलरी-तेनसिंग यांच्याबरोबरही प्रायमसच होता. वस्तू कसदार, यात शंका नाही. पण आता रॉकेल मिळत नाही, सॅकमध्ये सांडलं तर सगळ्या अन्नाला वास लागतो, आणि मला तर त्या आवाजाने अजून छातीत धस्स होतं. माझ्या तरुणपणी पेपरात आठवड्याला एक बातमी असायची, 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू'. नेहमी सूनच कशी भाजायची, सासू कधीच कशी नाही, हे तेव्हा कुणी मोठ्याने विचारत नसे. असो. तो स्टोव्ह मी कुणाच्या मुलीच्या सॅकमध्ये भरणार नाही.

स्पिरिटचा छोटा दिवा हलका असतो, स्वस्त असतो, पण उन्हात त्याची ज्योत दिसत नाही. विझलाय समजून वरून स्पिरिट ओतायला गेलं की संपलं. अनुभवी माणसाला ठीक, पहिल्यांदा जाणाऱ्या मुलीला नको. लांबट डबीवर चालणारी सुटकेससारखी टेबलावरची शेगडी छान असते, स्थिर असते, पण एकट्या शेगडीचंच वजन दीड-दोन किलोच्या घरात. मोटारीने कुंथलगिरीला किंवा मांगी-तुंगीच्या पायथ्याला जाणाऱ्या कुटुंबाने ती जरूर घ्यावी. पाच किलोचा सिलिंडर, त्यावर बर्नर, हा आपल्या घरातल्या पुरुषांचा आवडता उपाय. लोखंड धरून त्याचं वजन दहा किलोच्या वर जातं. तो उचलायला माणूस लागतो, आणि तो माणूस मग संध्याकाळी भजी मागतो.

काड्या जाळायची घडीची पत्र्याची शेगडी मिळते. 'इंधन फुकट' म्हणून तिचं कौतुक करतात. आपल्यासाठी ती मी सगळ्यात शेवटी ठेवते. जंगलातलं वाळकं लाकूड म्हणजे मोकळं लाकूड नव्हे. सालीखाली मुंग्या, वाळवी, भुंगे, त्यांची अंडी असतात. घरी आपण गोवऱ्या झटकून, लाकूड आपटून मग चुलीत घालायचो ते उगीच नाही. अंधार पडताना घाईने गोळा केलेल्या काटक्या कोण झटकतं? अग्निकायिक जीवांची हिंसा गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही, पण त्रस जीवांची डोळ्यांदेखत होणारी हिंसा टाळता येते, आणि ती टाळणारं साधन हाताशी असताना न वापरणं मला पटत नाही.

राहिली ती गॅसच्या छोट्या डबीवर फिरवून बसवायची बर्नरची शेगडी. ट्रेकवाले डबीला कॅनिस्टर म्हणतात. माझी शिफारस हीच. बर्नर शंभर ग्रॅमच्या आसपास, घडी केला की मुठीत मावतो. डबीत साधारण २३० ग्रॅम गॅस, पत्र्यासकट पावणेचारशे-चारशे ग्रॅम. त्यात एक लिटरचं झाकणाचं हलकं भांडं धरलं तरी सगळं मिळून किलोच्या आत.

एवढा गॅस पुरेल का, हे आजीने विचारलं. म्हणून नात तिची शेगडी घेऊन माझ्याकडे आली आणि आम्ही स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर हिशेब काढला. डबी तोलायची, एक लिटर पाणी झाकण ठेवून उकळायचं, डबी थंड झाली की पुन्हा तोलायची. घरात तेरा-चौदा ग्रॅम गॅस लागला. गच्चीवर वाऱ्यात, झाकण न ठेवता, जवळजवळ दुप्पट. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, झाकण विसरलं की अर्धा गॅस वाऱ्याला गेला.

आता दोन मुली, दोन दिवस. उकळलेल्या पाण्याची मर्यादा चोवीस तास, म्हणून पहिल्या दिवसाचं पाणी मुक्कामावरूनच उकळून घ्यायचं. दुसऱ्या दिवसासाठी दोघींचं सहा लिटर, लिटरला पंधरा ग्रॅम धरून नव्वद ग्रॅम. संध्याकाळचं आणि सकाळचं खाणं मिळून तीन लिटर पाण्याइतका गॅस, पंचेचाळीस ग्रॅम. एकूण एकशे पस्तीस. शिल्लक पंचाण्णव ग्रॅम, ती वाऱ्यासाठी आणि अडीअडचणीसाठी. एक डबी पुरते. दुसरी नेऊ नका, नेली की संपवायची बुद्धी होते.

पाणी मात्र आधी दुहेरी पंचाच्या कापडाने गाळायचं, मग उकळायचं. कापड वेगळ्या पिशवीत ठेवा आणि बिलछानी जिथलं पाणी तिथेच सोडा.

खाण्याचं म्हणाल तर घरी भाजून फोडणी दिलेला रवा, त्यात उकळतं पाणी ओतून झाकलं की उपमा. पोहे तर त्याहून सोपे. खिचडी हवीच असेल तर तांदूळ आणि मुगाची डाळ, तूरडाळ नको. दर तीनशे मीटर चढलं की पाणी साधारण एक अंश कमी तापमानाला उकळतं. कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे, तिथे पाणी पंचाण्णव अंशांच्या आतच खळखळायला लागतं आणि तूरडाळ दात दाखवते. खिचडीला पाच-सात मिनिटं सणसणीत उकळी आणायची, शेगडी बंद करायची आणि भांडं झाकणासकट सोलापुरी चादरीत घट्ट गुंडाळून अर्धा तास ठेवायचं. आपल्या आज्या दूध कोमट ठेवायला गोधडीत भांडं ठेवायच्या, तेच हे. भात आतल्या उष्णतेवर शिजतो. गॅस वाचतो, आणि जेवढा विस्तव कमी तेवढी हिंसा कमी, हा हिशेब मी वेगळा सांगायला नको.

यावरून शेकोटीचं बोलते, कारण मुलांना ट्रेक म्हटलं की कॅम्पफायर हवाच असतो. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे जे प्रकार सांगितले आहेत त्यात प्रमादचर्या आहे, म्हणजे काही कारण नसताना जमीन खणणं, पाणी सांडणं, विस्तव पेटवणं, झाडं तोडणं. कॅम्पफायरची याहून नेमकी व्याख्या मला सापडली नाही. स्वयंपाकाचा विस्तव गरजेचा असतो. गाणी म्हणायला लाकडं जाळणं कुणाच्या गरजेचं आहे? थंडी वाजत असेल तर स्वेटर घालावा. नातीने हे ऐकून तोंड वाकडं केलं, पण वाद घातला नाही.

शेगडी कुठे पेटवायची, हेही घ्यायच्या आधी ठरवावं. हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, आणि अभयारण्याला धोका होईल असा विस्तव पेटवणं हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूत नेमून दिलेली जागा सोडून स्वयंपाक करायला परवानगी नाही. लेणी, मंदिरं, किल्ल्यातली टाकी, जिथे आपलं कपाळ टेकतं तिथल्या दगडावर काजळी धरवणं बरं दिसतं का? म्हणून माझा सल्ला असा की मुक्काम पायथ्याच्या गावात करावा, कुणाच्या अंगणात विचारून शेगडी लावावी, जेवण आणि पाणी तिथेच करून घ्यावं आणि वर फक्त डबा न्यावा. वनखात्याच्या चौकीवर नियम विचारायला लाज वाटून घेऊ नये. घरवालीला चार पैसे द्यावेत. कांदा-लसूण न घालता भाकरी-पिठलं करून द्यायला ती आनंदाने तयार होते, आणि मग शेगडी फक्त पाण्यालाच राहते. मी सुरुवातीला तेच म्हणत होते.

जपायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्यात सूट नाही. तंबूत किंवा बंद खोलीत शेगडी पेटवायची नाही, ऊब हवी म्हणूनही नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दमन इथे केरळचे आठ पर्यटक, त्यात मुलंही होती, थंडी म्हणून गॅसचा हीटर लावून दारं-खिडक्या बंद करून झोपले आणि उठलेच नाहीत. त्या विषारी वायूला वास नसतो. वारा अडवायला पत्र्याचा आडोसा लावतात, तो एका बाजूने लावायचा, डबीला चारी बाजूंनी वेढायचा नाही, डबी तापते. आणि आपली खास सवय, छोट्या शेगडीवर मोठं पातेलं! पातेल्याच्या बुडाखालची आच उलटून डबीवर येते, शिवाय सगळं डोलारा होऊन कलंडतं. वीस जणांचा चहा या शेगडीवर होत नाही. कुणी आग्रह केला तर सरळ नाही म्हणायला मुलीला शिकवा.

रिकाम्या डबीत घरच्या सिलिंडरमधून गॅस भरायच्या खटपटीही लोक करतात. घरच्या गॅसमध्ये प्रोपेन असतो, त्याचा दाब जास्त, आणि ही डबी पातळ पत्र्याची, एकदाच वापरायची. चार पैसे वाचवायची ही जागा नाही.

थंडीत आणखी एक होतं. नुसत्या ब्युटेनची डबी शून्य अंशाजवळ वायूच देत नाही, आणि पहाटे डोंगरावर पाच-सहा अंशांतही ज्योत मलूल होते, कारण गॅस बाहेर पडताना डबी स्वतःही गारठत जाते. डबी घेताना तिच्यावर आयसोब्युटेन-प्रोपेन मिश्रण लिहिलं आहे का पाहावं. रात्री डबी अंथरुणात पायाशी ठेवावी. फार तर कोमट पाण्याच्या ताटलीत उभी करावी. विस्तवाजवळ शेकवायची नाही, हे वेगळं लिहायला नको होतं, पण लोक करतात.

काही जणी म्हणतील, ट्रेक तर पावसाळ्यात छान असतात, हिरवंगार वगैरे. पावसाळ्यात आपले साधू चालणं थांबवतात ते पायाखालच्या जीवांसाठी. हिरव्या शेवाळावरून पाचशे जणांच्या रांगेत चढायची हौस मला समजत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी जा. वाट कोरडी, आकाश मोकळं.

नातीने शेवटी बर्नर, एक डबी, झाकणाचं भांडं, गाळणं आणि दोन काडेपेट्या घेतल्या. बर्नरला ठिणगीचं बटण आहे, पण ओलाव्यात ते रुसतं, म्हणून काडेपेटी हवीच. सोलापूर-पुणे हुतात्मा एक्स्प्रेसने ती जाणार, त्यामुळे डबी इथून न्यायची नाही, ट्रेकचं सामान विकणाऱ्या पुण्यातल्या दुकानातून घ्यायची आणि तिथून पुढे मोटारीनेच जायचं, हे तिच्या आजीने चिठ्ठीवर लिहून सॅकच्या कप्प्यात घातलं आहे. त्याच चिठ्ठीवर खाली मी एक ओळ वाढवली, रिकामी डबी गडावर किंवा आगीत टाकायची नाही, परत आणून ती रिकामी असल्याचं सांगून भंगारवाल्याला द्यायची.